गायकवाडांनी हरवलेली चावी

अशोक गायकवाड गेल्याचा फोन आला तेव्हा मी निगडीच्या स्टॉपवर बसची वाट बघत होतो. डोळ्यांत पाणी आलं ते नंतर. आधी मनात आलं, आता सगळं हॉस्पिटल याचे गोडवे गाणार... लिहायला लाज वाटते, पण अशोकच्या बाबतीत माझं कायम असंच होतं.

चाकणजवळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो. मी स्टोअरला, तो मेंटेनन्सला. त्याचे वडील कंपनीत फिटर, त्यामुळे पाना हातात घेऊनच मोठा झालेला. मी बीडहून आलेलो, कुलूप आणि रजिस्टर सांभाळण्यापलीकडे कसब नाही. मोडक्या व्हीलचेअर, हँडल तुटलेले पलंग, वाकडे सलाइन स्टँड, सगळ्यांवर मी लाल रंगानं 'कंडेम', म्हणजे निकामी, असं लिहायचो आणि मागच्या खोलीत कोंडायचो. अशोक एकदा म्हणाला, "राव, कंडेम लिहायच्या आधी मला एक हाक तरी मारत जा." मला तो टोमणाच वाटला.

मग त्याला गुरुवार सापडला. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. निघोज्याचे तुकाराम आणि त्यांच्या कंपनीच्या टूलरूममधले तिघं कुणाला तरी भेटायला हॉस्पिटलात आले होते, तर यानं त्यांना चहा पाजून थेट माझ्या खोलीत आणलं. तेव्हापासून ते दर गुरुवारी यायचे, चार मोडक्या खुर्च्यांच्या तीन धडधाकट करायचे. बदल्यात आमच्या सिस्टर त्यांच्या कंपनीत जाऊन भाजल्या-कापल्यावर काय करायचं ते शिकवून यायच्या. नवीन खुर्च्यांची मागणी जवळजवळ थांबली. डॉक्टरांपासून ट्रस्टींपर्यंत सगळे 'गायकवाडांचा गुरुवार' म्हणायला लागले. खोली माझी, कुलूप माझं आणि गुरुवार त्याचा! मी जळायचो. उघडच सांगतो, जळायचो.

एका बुधवारी मी खोलीची चावी खिशात घालून घरी गेलो आणि गुरुवारी आजारी असल्याचा फोन केला. म्हटलं, होऊ दे एकदा याची फजिती. चौघं दुपारपर्यंत ओट्यावर बसून परत गेले. दुरुस्त व्हायच्या व्हीलचेअर आत कुलपात, बाहेरच्या सगळ्या वापरात, म्हणून राजगुरुनगरच्या एका म्हातारीला तिच्या मुलांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून एक्स-रेला उचलून नेलं. खुर्ची निसटली, म्हातारीचं मनगट मोडलं.

शुक्रवारी गेलो, तर अशोकनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं की चावी त्यानं माझ्याकडून घेतली आणि हरवली. मला फक्त म्हणाला, "तब्येत बरी आहे ना भाऊ?" पुन्हा तो विषय त्यानं कधी काढला नाही. आणि मी... मला त्याचाही राग आला. याला एवढं मोठं मन कुणी दिलं?

तो गेल्यावर दुसऱ्याच गुरुवारी तुकाराम आले. पलंगाचं हँडल बसवता बसवता म्हणाले, "लई मोठा मानूस. एकच चुकलं बगा त्यांचं, ती चावी. त्या म्हातारीपायी आमी त्यांना लई टाकून बोललो. नुसतं ऐकून घ्यायचे."

अशोकची एखादी चूक सापडावी म्हणून मी इतकी वर्षं टपून होतो.

"ती चावी माझ्या घरी होती," मी म्हणालो. "मुद्दाम नेली होती मी."

तुकारामांचा पाना थांबला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मंग आमी आता मापी कुनाकडं मागायची?"