चार बोटं सैल

माझी मावशी एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसते आणि गिऱ्हाइकांना चेहऱ्यापेक्षा कपड्यांवरून ओळखते. कोट हातात आला की तो उलटा करणार, शिवणी बघणार, बटणं चाचपणार आणि गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं रे पडलं की निकाल देणार. "यांनी यंदा पोट बरंच कमावलंय, बटण सरकवून घेतलंय." किंवा, "हिच्या घरी पाळणा हलणार बघा, कंबर सोडून घेतलीय." आत वाफेच्या मशीनपाशी उभा असणारा इस्त्रीवाला तिला टेपबाई म्हणतो. तोंडावर म्हणतो, कारण तिलाही ते आवडतं. तिचे निकाल सहसा चुकत नाहीत.

एकच चुकला. तो घरातला होता.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. आमच्या गल्लीत त्यांना 'वरखाली' म्हणतात. दारात कोणी "वरखाली आहेत का घरात?" असं विचारलं की काका आतून ओरडतात, "सध्या तळमजल्यावर आहेत!" नोकरीसाठी मी त्यांच्याकडे राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली, तेवढ्या काळात हा विनोद मी निदान दोनशे वेळा ऐकला असेन. तरी हसावंच लागतं, कारण आपण हसतोय की नाही ते बघत काका थांबून राहतात.

थंडी ओसरायला लागली की काकांचे हाल सुरू होतात. रस्त्यावर कोवळं ऊन, झाडांना पालवी, लोक गरम कपडे कपाटात टाकून मोकळे झालेले. पण लिफ्ट ज्या उभ्या भुयारातून वर जाते तिथे थंडी आणखी दोन महिने मुक्काम ठोकून असते. जाड स्वेटर घातला तर जिने चढताना घामाच्या धारा, नाही घातला तर भुयारात हुडहुडी. म्हणून फेब्रुवारीत मावशीने जाहीर केलं, की ती यांच्यासाठी क्रोशाचं एक हलकं कार्डिगन करणार. सुती दोऱ्याचं, समोरून उघडं, पाच बटणं, आणि सगळी वीण अगदी साध्या जाळीची. एक खांब, एक साखळी, परत एक खांब, एक साखळी. वारा थोडा अडेल, थोडा आत येईल.

"रंग कोणता?" काकांनी विचारलं.

"कोवळा हिरवा."

"मला काय पोपट व्हायचंय? मळखाऊ आण काहीतरी."

"त्या भुयारात कोण बघतंय तुम्हाला?"

"मग मळखाऊ आणायला काय हरकत आहे?"

शेवटी राखाडी आला. मावशी त्यावरून दोन दिवस धुमसत होती.

काकांची अट एकच होती. अंगाबरोबर बसलं पाहिजे. गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत चाकं गरगरत असतात, तिथे लोंबतं काही चालत नाही. त्यांच्या एका सोबत्याचा मफलर एकदा चाकात गेला होता. तो वाचला, पण तेव्हापासून घोगरं बोलतो. हे सांगताना काकांचा हात आपोआप गळ्याशी जायचा.

मावशीने माप घेतलं नाही. माप तिच्या वहीत होतं. लग्नापासून दर दोन वर्षांनी ती ते सुधारून घेते, आणि शेवटचं तर गेल्याच पावसाळ्यात घेतलेलं. "या माणसाचं माप मला झोपेतसुद्धा सांगता येईल," ती म्हणाली, आणि चार नंबरची सुई घेऊन बसली. आधी तळहाताएवढा नमुन्याचा चौकोन केला, टाके मोजले, हिशेब मांडला आणि पाठीची पहिली ओळ घातली.

मार्चच्या पहिल्या रविवारी पाठ आणि पुढचे दोन भाग खांद्यावर टाचण्यांनी जोडून झाले. काकांनी अंगातला जाडजूड स्वेटर काढला आणि हात पसरून उभे राहिले. मावशीने बगलेखाली कापड चिमटीत धरलं. चार बोटं मोकळी.

"सैल झालंय," मी म्हटलं.

"डोळे आहेत मला." तिने चिमूट सोडली, परत धरली. "हात सैल पडलाय माझा."

क्रोशा करणाऱ्यांचं हे एक असतं. दोरा किती ओढायचा याचा प्रत्येकीचा हात ठरलेला असतो, अक्षरासारखा. त्यात बदल झाला की कपड्याचं माप बदलतं. म्हणून कपडा सैल झाला की त्या आधी स्वतःच्या हाताकडे बघतात. घालणाऱ्याकडे बघायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. माणूस तोच असतो ना.

"आईचाही साठीला असाच सैल पडला होता," मावशी म्हणाली.

"हात पडला तर पडू दे," काका म्हणाले, "जीभ अजून घट्ट आहे तुझी."

आम्ही हसलो. मावशीने टाचण्या काढल्या आणि एक टोक ओढून सगळं उसवायला घेतलं.

उसवलेला दोरा कुरळा होतो, तसाच घेतला तर टाके नीट बसत नाहीत. मावशीने त्याची लडी करून ती लॉन्ड्रीत नेली आणि वाफेसमोर हँगरला टांगली. "कुणाचे केस कापून आणलेत, टेपबाई?" इस्त्रीवाल्याने विचारलं. "तुझ्या बायकोचे," मावशी म्हणाली, "घरी जाऊन बघ." पण घरी आल्यावर ती खिडकीपाशी उभी राहून उजव्या हाताची मूठ उघडत-मिटत होती. मला बघून थांबली.

दुसऱ्यांदा तिने त्याहून बारीक, साडेतीन नंबरची सुई घेतली. टाके तेवढेच, म्हणजे कपडा आपोआप चार बोटांनी आवळायला हवा. आणि आवळलाही. मी टेपने मोजला. मार्चच्या शेवटच्या रविवारी काकांनी तो घातला आणि मावशीने चिमूट धरली. तीन बोटं मोकळी.

या वेळी कोणी हसलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरात मावशीच्या हातावर पहारा बसला. ती कप उचलताना मी बघायचो. काका डब्यांची झाकणं आधीच सैल करून ठेवायचे. पाण्याची कळशी तिला उचलू द्यायचे नाहीत. "तू बस, मी बघतो," हे वाक्य त्यांच्या तोंडून मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. ते आता दिवसातून चारदा ऐकू यायचं. मावशीही दोन्ही हातांनी पेला धरायला लागली. तिची आई, म्हणजे माझी आजी, शेवटची तीन वर्षं हातातल्या हातात काहीतरी विणत, नुसतीच बोटं हलवत पडून होती. त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. पण घरात वाटीचा जरा आवाज झाला की आम्ही तिघेही एकदम तिकडे बघायचो.

जेवताना काका आपल्या ताटातलं अर्धं माझ्या ताटात सरकवायचे. "घे, वाढतं वय आहे तुझं." मी सव्वीस वर्षांचा आहे. तरी घ्यायचो. त्या दोन महिन्यांत माझं वजन तीन किलोंनी वाढलं, आणि मावशीने त्यावरही निकाल दिला, "तुला बरं मानवतंय आमच्याकडचं." काकांनी हिवाळ्यात थंडीचं निमित्त सांगून दाढी वाढवली होती. थंडी गेली, दाढी राहिली. त्यांचे कामाचे कपडे कंपनीच धुऊन देते, त्यामुळे ते कधी मावशीच्या काउंटरवर आले नाहीत. तिच्या हाताखालून अख्ख्या गावाचे कपडे गेले, यांचे तेवढे राहिले.

तिसऱ्यांदा तिने तीन नंबरची सुई घेतली. एप्रिल अर्धा संपला होता. माप आणखी तीन बोटांनी आवळलं. काकांनी घातलं. परत तीन बोटं मोकळी, आणि बाही मनगटावरून घसरून बोटांवर आली. काका म्हणाले, "राहू दे गं, सैलच बरं असतं." मावशीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती आपल्या हाताकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीतून सुट्टी घेऊन ती मला सोबत घेऊन लोकरवालीकडे गेली. लोकरवाली म्हणजे सत्तरीची बाई, चष्मा दोरीने गळ्यात, दुकान एवढंसं की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाने बाहेर उभं राहावं.

"अडीच नंबरची सुई द्या," मावशी म्हणाली.

"या दोऱ्याला? जाळी करायचीय की पत्रा?"

मावशीने सगळं सांगितलं. आईच्या शेवटच्या तीन वर्षांचंही सांगितलं, ते मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. लोकरवालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पहिल्या सुईचा नमुना आहे?"

मावशीने पिशवीतून फेब्रुवारीतला चौकोन काढला. लोकरवालीने तिच्यापुढे चार नंबरची सुई आणि दोरा ठेवला. "आता इथे बसून असाच दुसरा कर. तेवढेच टाके, तेवढ्याच ओळी."

मावशी स्टुलावर बसली. गिऱ्हाईक आलं, लोकरवालीने त्याला बाहेर थांबवलं. वीसेक मिनिटांनी नवा चौकोन झाला. लोकरवालीने तो जुन्यावर ठेवला, चष्मा चढवला, चारी बाजू नखाने चाचपल्या. एकही कड बाहेर आली नाही.

"टाक्यावर टाका बसतोय," ती म्हणाली. "तुझा हात जागेवर आहे, बाई. केसभरही हललेला नाही."

मावशीचा चेहरा उजळला. अगदी क्षणभर. "मग कपडा सैल का होतोय?"

लोकरवालीने चष्मा काढला. "कपड्याला काय विचारतेस? आत कोण आहे ते बघ."

मावशी सुई न घेता, दोन्ही चौकोन तिथेच टाकून दुकानाबाहेर पडली. मी ते गोळा करून मागे धावलो. वाटेत ती इतकी भराभर चालत होती, की मलाच धाप लागली.

काका घरीच होते. दुपारचे चार वाजलेले, आणि ते पलंगावर अंगावर पांघरूण घेऊन पडले होते. बाहेर लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत होते.

"उठा. शर्ट काढा."

"आता आणि काय? परत विणलंस का ते?"

"शर्ट काढा."

त्यांनी काढला. मी मान खाली घातली, मग वर केली, कारण न बघणंही बरं दिसेना. मावशीने छातीभोवती टेप घेतला, आकडा बघितला, खाली सरकवून परत घेतला. काका म्हणाले, "टेप जुना झालाय तुझा, ताणला गेला असेल." आणि सवयीने थांबून आमच्याकडे बघत राहिले.

मावशीने त्यांचा पट्टा ओढून काढला. कारखान्याची पाच भोकं होती, आणि पुढे खिळ्याने पाडलेली आणखी चार.

"हे कधीपासून?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून," काका म्हणाले. "आधी वाटलं जिन्यांमुळे. मग जेवण उतरेना. सांगणार होतो."

"मी दोनदा उसवलं तुमच्यासमोर."

"बघत होतो मी."

"आणि बोलला नाहीत?"

काका शर्ट शोधत होते. तो त्यांच्या हातातच होता. "तू म्हणालीस ना, हात सैल पडलाय. ते ऐकून इतकं बरं वाटलं मला की काय सांगू. म्हटलं, असेलही. तुझे निकाल चुकत नाहीत."

मावशीने टेप गुंडाळला. गुंडाळून झाल्यावर सोडला आणि परत गुंडाळला. "उद्या सकाळी डॉक्टरकडे. आणि तू," ती माझ्याकडे वळली, "आज यांच्या ताटातलं काही घेतलंस तर बघ."

दवाखान्यात आम्ही तिघे गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या, भराभर लिहीत होत्या. काकांना काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला. जिभेकडे बघितलं, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, मग त्यांना टेबलावर झोपवून पोट दाबलं. एका जागी थांबून पुन्हा दाबलं. काका छताकडे बघत म्हणाले, "तळमजल्यावर काही सापडलं का?" डॉक्टरबाईंना काही कळलं नाही.

"वजन कधीपासून उतरतंय?" त्यांनी विचारलं.

"अलीकडेच," काका म्हणाले. "जरा धावपळ झाली कामाची."

"आधी कधी वजन केलं होतं?"

"छे. मला कुठे वेळ."

"म्हणजे नोंद काहीच नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि कागदावर तसं लिहायला लागल्या.

"आहे," मावशी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी वर बघितलं. मावशी लॉन्ड्रीत निकाल देते त्याच आवाजात बोलत होती, फक्त खूप हळू. "पावसाळ्यात माप बरोबर होतं. मार्चच्या पहिल्या रविवारपर्यंत चार बोटं गेली. शेवटच्या रविवारपर्यंत आणखी तीन. एप्रिलच्या मध्याला आणखी तीन."

"बोटं?"

"छातीच्या घेरात. माझ्या हाताची. हात माझा बरोबर आहे, कालच तपासून घेतलाय."

डॉक्टरबाईंनी आकडे लिहून घेतले. मग बेरीज करण्यासाठी म्हणून की काय, त्यांनी स्वतःची बोटं टेबलावर शेजारी शेजारी धरून बघितली. दोन्ही हात लागले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग उठल्या, बाहेरच्या रांगेला थांबायला सांगितलं, आणि दार आतून लोटून घेतलं.