चोरून चाखलेले दाणे

लोणावळ्याच्या बाजारात एका कॉफीच्या दुकानात मी तीन वर्षं दाणे निवडत होते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. चिक्कीच्या गावात कॉफी कशाला? अहो, इथल्या बंगल्यांत दक्षिणेकडची बरीच माणसं राहायची, त्यांना लागायची. आमचे शेठही तिकडचेच. कच्ची कॉफी रेल्वेने यायची. मी सुपात घेऊन खडे आणि किडके दाणे काढायचे, शेठ पिंपात भाजायचे. मग करपलेले वेगळे करायला दाणे पुन्हा माझ्याकडे यायचे. तेव्हा एखादा मी तोंडात टाकायचे. चोरून.

मी आंदर मावळातली. माझा बाप तांदळाचा दाणा चावून तो कुणाच्या खाचरातला ते सांगायचा. तीच जीभ घेऊन मी आले होते, ती गप्प कशी बसणार? चिकमगळूरच्या दाण्याला पिकल्या करवंदाची आंबटगोडी होती. कूर्गची चव जड, भाजलेल्या कुळथासारखी. वायनाडचा नुसता कडू, पण तो तर डोळ्यांनीच कळायचा. दाणा गोलसर आणि मधली रेघ सरळ.

एका श्रावणात सकाळीच तिन्ही गोण्या भिजून आल्या. आतले दाणे ठीक होते, पण वरची नावं पार धुऊन गेली होती. नेमक्या त्याच सकाळी रेल्वेतून निवृत्त झालेले एक साहेब आले. ते चिकमगळूरशिवाय दुसरी कॉफी तोंडाला लावत नसत. मागच्या खेपेला त्यांना चुकून कूर्ग गेली, तेव्हा तणतणत आले होते. पुन्हा चुकलं तर बंगल्यांची सगळी गिऱ्हाइकं तुटणार, हे शेठना पक्कं माहीत होतं. त्यांनी तिन्हीतला मूठमूठ दाणा भाजला आणि वास घेतला. पण नाक सर्दीने चोंदलेलं. करपलेले काढताना मी तिन्हीतला एकेक दाणा तोंडात टाकला.

"शेठ, मदली गोनी चिकमगळूरची," मी म्हणाले.

"तुम्हाला काय कळतं, बाई?"

"डावीकडं वायनाड हाय, दाना बगा की. उजवीकडं कूर्ग. मदली आंबूस लागती, करवंदावानी."

"लागते? म्हणजे खाल्लीत कधी?"

काम जाणार, हे दिसत होतं. पण खोटं बोलणं मला कधी जमलं नाही.

"रोज खाते. तिन्हीतला एकेक. न्हाईतर कळंल कसं?"

साहेब म्हणाले, "मधलीच काढा." शेठनी दाणे दळून कॉफी केली. साहेबांनी दूध न घालता एक घोट घेतला, मग दुसरा. मी सूप घट्ट धरून उभी.

"चिकमगळूर," ते म्हणाले. "बाई, तुम्ही तिकडं गेला होता का कधी?"

"न्हाई. तळेगावाच्या पल्याड गेले न्हाई."

आज सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. त्या दिवशी दुकानाची अब्रू माझ्या जिभेने राखली.

पण चोरी तर मी कबूल केली होती. उद्यापासून घरी, असं धरूनच मी झोपले. सकाळी गेले तर तिन्ही गोण्या ओळीने मांडलेल्या. शेठच्या हातात कुंचला, पुढ्यात शाईची वाटी. त्यांनी भाजलेले तीन दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"खा," ते म्हणाले. "तुम्ही सांगा, मी लिहितो."

मला तेव्हा लिहिता येत नव्हतं. तिन्ही नावं मी रस्त्यापर्यंत ऐकू जातील अशी सांगितली.