गळ्याऐवजी एरहू

ओमानमधल्या सोहारमध्ये कुणी कायमचं राहत नाही. कंत्राट संपलं की बिल्डिंगच्या ग्रुपवर फ्रिज, सोफा, कपडे वाळत घालायचा स्टँड असे फोटो यायला लागतात. खालच्या मजल्यावरचं चिनी कुटुंब निघालं तेव्हा मी तो स्टँड बघायला गेले आणि एरहू घेऊन वर आले. त्या बाईंनी आधी स्वतः गज ओढून दाखवला. मग फोनवरचं भाषांतर माझ्यापुढे धरलं, ‘हे वाद्य माणसासारखं गातं.’ मला तेवढं पुरेसं होतं.

कारण मला गाता येत नव्हतं. आदल्या वर्षी मस्कतला थायरॉइडचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण आवाज बसला तो बसलाच. पुण्यात अकरा वर्षं गाणं शिकले होते, इथे मंडळाच्या गणपतीत दरवर्षी गायचे. आता दुकानात कोथिंबीर मागितली तरी समोरचा दोनदा “क्या?” विचारायचा. “वर्षभरात येईल, इन्शाल्ला,” डॉक्टर म्हणाले होते. अकरा महिने मी रोज सकाळी सा लावून बघितला. नुसती हवा यायची. मग दिवसभर कशातच राम वाटायचा नाही.

एरहू म्हणजे लांब दांडी, दोन तारा आणि खाली एक छोटा डबा. डब्यावर अजगराचं कातडं. नवऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं, “हे देवघराच्या खोलीत ठेवणार तू?” ठेवलं. देवांनी काही तक्रार केली नाही.

एक तार सा धरली की दुसरी पंचम होते. म्हटलं, हे तर आपल्याच घरातलं. तिथेच फसले. वाद्य म्हटलं की सतरंजी घालायची आणि मांडी ठोकून बसायचं, हे इतकं अंगात मुरलेलं की आठवडाभर मी जमिनीवर बसून झगडले. डबा मांडीवरून घसरायचा, गज गुडघ्यावर आपटायचा. शेवटी व्हिडिओ नीट पाहिला, तर झाडून सगळे खुर्चीवर बसलेले. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली. इतकी वर्षं शिकून एवढंही दिसू नये, याचा स्वतःवरच राग आला.

गज दोन तारांच्या मधे अडकवलेला असतो, तो बाहेर निघतच नाही. आपल्याकडे ओढला की आतली तार वाजते, पुढे रेटला की बाहेरची. बोटांखाली लाकडाची पट्टी नाही, तार अधांतरीच दाबायची. नवरा प्लँटवर, मुलगी शाळेत, आणि मी स्वयंपाक आवरून, पडदे ओढून, एसीच्या घरघरीत सा शोधत बसलेली. दहा मिनिटांत खांदा भरून यायचा. कधी कधी गज हातात धरून नुसतीच बसायचे.

एका दुपारी भूपाचा आरोह कसाबसा वरच्या सापर्यंत पोचला. तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. बारा वर्षांची आहे. दप्तर ठेवून ऐकत उभी राहिली.

“कसं वाटतं गं?” मी विचारलं.

“सेम तुझ्यासारखा साउंड होतो, आई.”

मी ताठ बसले. “मी गायचे तसा?”

“नो, नो. तू आत्ता बोलते ना, तसा. खरखर.”

माझं डोकं फिरलं. “हा माझा आवाज नाहीये,” मी म्हटलं. “माझा आवाज परत येणार आहे.”

ती गोंधळली. “पण मग आत्ता कोण बोलतंय?”

ती उलटून बोलत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. वर्षभर हाच आवाज तिला उठवत होता, अभ्यासाला बसवत होता, रागावत होता. मी एक दिवससुद्धा त्याला आपला म्हटलं नव्हतं. मला एकदम रडू आलं, आणि रडतानाही घशातून तीच खरखर निघाली. ती घाबरून जवळ आली.

“काही नाही गं,” मी त्याच आवाजात म्हटलं. “हातपाय धू, वाढते तुला.”