दूरदृष्टीचा सत्कार

आमच्या बाबांना दूरदृष्टीबद्दल खालापुरात शाल-श्रीफळ मिळालं, आणि त्या सत्कारानं आमच्या घराचा घात केला. कुणाला हे सांगितलं तर हसतात. हसोत बापडे.

बाबा काही ज्योतिषी नव्हते. भात लावायचे, बाजाराला जायचे, चार माणसांशी बोलायचे आणि डोकं चालवायचे, एवढंच. साजगावच्या बाजूला कारखान्यांचं नुसतं नाव निघालं होतं, तेव्हाच ते देवळात बसलेल्यांना म्हणाले होते, "पोरांना फिटरकाम शिकवा रं. आन् खालच्या विहिरीवर भरवसा ठेवू नका, तिचं पाणी जानार." लोकांनी वेड्यात काढलं. पुढं कारखाने आले, शिकलेली पोरं कामाला लागली आणि विहिरीच्या पाण्याला वास मारायला लागला. मग तालुक्यातल्या एका मंडळानं पुढचं ओळखणाऱ्या माणसांचा सत्कार ठरवला. मुंबईहून आलेले पाहुणे भविष्याचा अभ्यास कसा करावा यावर खूप वेळ बोलले आणि शेवटी म्हणाले, "यांनी जे जे सांगितलं, ते ते घडलं." टाळ्या पडल्या.

गावानं त्याचा भलताच अर्थ लावला. म्हणे, हे सांगतात म्हणून घडतं! विहीर बाबांच्या जिभेनं नासली! काळ्या जिभेची कुजबुज आधी एखाद्या घरात होती, आता तालुक्यानंच शाल घालून शिक्का मारला. बायका लेकरांना पदराखाली घेऊन आमच्या दारावरून जायच्या. वाटेत कुणी भेटलं की हात जोडायचं, "दादा, आमच्याबद्दल काय बोलू नका हां." बाबा आधी हसायचे, मग हसायचे थांबले. मला असा संताप यायचा, की एकेकीच्या झिंज्या धराव्यात.

त्याच वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आमच्या गावातून पक्क्या रस्त्याला जायला ओहळावरची फरशी, म्हणजे दगडांचा ठेंगणा पूल, तेवढी एकच वाट. बाबा खाली उतरून तिचे दगड पाहून आले होते. जेवताना म्हणाले, "थोरलीला पलीकडं चौक गावाला मावशीकडं नेऊन ठेवू. ती फरशी यंदा..."

आईनं उष्ट्या हातानं त्यांचं तोंड दाबलं. "अवो, पाया परते तुमच्या! पोर पोटुशी हाय. एक अक्षर काढू नका."

बाबांनी ताईकडं पाहिलं. ताई भिंतीला सरकली होती, पोटावर दोन्ही हात धरून. आपल्या बापाला घाबरली होती ती. बाबांनी घास गिळला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांना स्वतःलाही आपल्या जिभेची भीती वाटायला लागली होती का, हे मला कधी विचारता आलं नाही. ते अर्धं वाक्य मात्र अजून माझ्या कानात आहे. भांडी घासताना ऐकू येतं.

श्रावणात ताईला कळा सुरू झाल्या आणि त्याच सकाळी फरशी वाहून गेली. डोलीतून नेलेली ताई ओहळाच्या अलीकडे, बाबांच्या मांडीवर गेली. बाळही गेलं. पलीकडे दवाखान्यात न्यायला टेंपो उभा होता, आम्हाला दिसत होता. गाव म्हणालं, बापानंच खाल्ली पोरीला.

त्यानंतर बाबा उद्याचं काही बोलत नसत. बी कधी पेरायचं विचारलं तरी उठून जात.

पुढं माझं लग्न झालं, दिवस राहिले. सातव्या महिन्यात माहेरी आले, बाबांसमोर बसले आणि म्हटलं, "बाबा, मी इथं राहू का परत जाऊ? तुम्हाला काय वाटतं ते सांगा. मी भीत नाही."

बाबांचे ओठ हलले. मग म्हणाले, "मला आता काय दिसत नाय गं, बाय."

आई चुलीपाशी होती. ती उठून आली, त्यांच्या पायाशी बसली आणि रडत म्हणत राहिली, "बोला वो. पोरीसाठी कायतरी बोला."