गाडी सुटून राहिली

आधीच सांगतो, भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जाणारा मी माणूस. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरातून नवस-सायास, अंगारे-धुपारे सगळं हद्दपार झालं आणि वडिलांनी आम्हाला एकच शिकवलं — विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. या प्रसंगाबद्दलही मी पुष्कळांना विचारलं... कुणाला सांगता आलं नाही. म्हणून आता तुम्हाला विचारतो आहे.

अमरावतीतले लोक मला लोकल केबलवरच्या बातम्यांमुळे ओळखतात. 'नमस्कार, आजच्या ठळक बातम्या' म्हणणारा तो टायवाला मीच. पण माझी सुरुवात टीव्हीवर नाही, कर्ण्यावर झाली. साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं, गाव अकोला. तिथल्या एका वाचनालयाने रोज संध्याकाळी सहाला लाउडस्पीकरवरून बातम्या ऐकवायची सोय केली होती. रेडिओ मोजक्या घरांत, पेपर वाचणारेही मोजकेच. एक कर्णा वाचनालयाच्या गच्चीवर, दुसरा कापड बाजाराच्या वळणावर आणि तिसरा भाजीबाजाराच्या तोंडाशी — तिथून एस.टी. स्टँड अगदी हाकेवर. पेपरातल्या बातम्या, नगरपालिकेच्या सूचना, सभा-व्याख्यानं असं वीसेक मिनिटांचं वाचन असायचं. वाचणारा मी एकटाच.

वाचनालयाचे सेक्रेटरी दामले सर, मूळचे पुण्याचे निवृत्त मास्तर. माणूस वाईट नव्हता, पण भाषेच्या बाबतीत फार सोवळा. माझा आवाज त्यांना आवडला होता, माझी वऱ्हाडी अजिबात नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सहा महिने पाहीन. 'मला'चं 'मले' एकदा जरी कर्ण्यातून ऐकू आलं, तर माईक बंद." वाचताना रोज समोर बसायचे. माझ्या कागदाची दुसरी प्रत त्यांच्या हातात, आणि वाचून झालेल्या प्रत्येक ओळीपुढे तांबड्या पेन्सिलीची खूण.

ते सहा महिने माझ्यासाठी जीवन-मरणाचे होते. वडील अमरावतीला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करत. महिन्यातून एकदा तरी एस.टी.ने अकोल्याला यायचे, कापड बाजाराच्या कर्ण्याखाली उभे राहायचे आणि शेजारी जो कुणी असेल त्याला सांगायचे, "माहा पोरगा होय." आणि हा पोरगा आत बसून 'ण' आणि 'ळ' घासत असायचा. मी तर बाहेर चहा पितानासुद्धा वऱ्हाडी बोलणं सोडलं होतं. न जाणो, सवयीने माईकसमोर निसटलं तर...

मुदत संपायला चार दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी नळाच्या पाण्याची सूचना वाचली — जुन्या शहरात उद्यापासून नळ एक दिवसाआड, नागरिकांनी पाणी जपून वापरावे वगैरे. मग एका व्याख्यानाची जाहिरात, मग नमस्कार. हे मुद्दाम सांगतो, कारण माईकसमोर मला काहीही वेगळं जाणवलं नाही. अंगावर काटा नाही, आवाजात खरखर नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामले सर आणि मी संध्याकाळचा कागद तयार करत होतो, तेव्हा एक बाई दारात आली. हातात वांगी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, कडेवर चार-पाच वर्षांची पोर.

"काल बातम्या सांगत होते थे दादा कोनते?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. बाईने वांगी टेबलावर ठेवली आणि मला चक्क हात जोडले. "माही पोरगी गेली असती दादा. तुमी सांगतलं म्हनून भेटली."

बाई भाजीबाजारात बसणारी. आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या गडबडीत पोर नजरेआड झाली. तिची मावशी अमरावतीला. मागे एकदा नेली होती, म्हणून स्टँडवर जाऊन ती ओळखीच्या गाडीत चढली आणि झोपली. बाई रडत बाजारभर शोधत होती... आणि तेवढ्यात म्हणे कर्ण्यातून मी बोललो.

"काय बोलले हे?" सरांनी विचारलं. "शब्दन् शब्द सांगा."

"म्हनले, मालन, बब्बी अमरावतीच्या गाडीत मांगच्या शिटावर झोपून हाय. गाडी सुटून राहिली, जल्दी जाय."

"'सुटते आहे' नव्हे, 'सुटून राहिली'?" सर म्हणाले.

पोर सापडल्याचं त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, 'सुटून राहिली' मात्र बरोबर ऐकलं. चेहरा लाल झाला. माझ्या डोळ्यांसमोर वडील आले, कर्ण्याखाली उभे असलेले.

"मी असं काहीही बोललो नाही," मी म्हणालो. अगदी स्वच्छ, शुद्ध मराठीत. "माझ्या कागदावर ते नव्हतंच, सर. आपण समोर होता."

सरांनी कालचा कागद काढला. सगळ्या ओळींपुढे तांबड्या खुणा, मध्ये कुठे खंड नाही. त्यांचा रंग हळूहळू उतरला. "बाई, तुमची ऐकण्यात काहीतरी चूक झाली असणार. हे वऱ्हाडी बोलतच नाहीत."

बाईने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "दादा, तुमी भेता काय यायले?"

मी खाली मान घालून टाचण्या गोळा करायला लागलो. ती पोरीला सावरत निघून गेली. तीन दिवसांनी मी कायम झालो, वडिलांनी जिनिंगमध्ये पेढे वाटले.

पण मला चैन पडेना. जेवताना, वाचताना तेच — मालन, बब्बी. ही नावं मला ठाऊक असण्याचा काही संबंधच नव्हता. स्टँडवर जाऊन त्या गाडीच्या कंडक्टरला गाठलं. तो म्हणाला, बाई पळत आली ती थेट मागच्या सीटपाशी, इकडेतिकडे पाहिलंच नाही. तो डबल बेल देऊन गाडी सोडणारच होता. भाजीबाजारात त्या कर्ण्याखाली बसणाऱ्यांना विचारलं. एक म्हातारी म्हणाली, "तुमी त नयाचंच सांगून राहिले होते जी. हे मालन एकदम टोपली टाकून पयाली." बाकीच्यांनीही तेच सांगितलं — मी नळाची सूचना वाचत होतो आणि ती टोपली टाकून पळाली. सगळ्या बाजारात ते एकट्या मालनने ऐकलं होतं.

मालन पलीकडेच बसली होती. तिच्यासमोर उभं राहिलो तेव्हा माझी मलाच लाज वाटत होती. खरं बोलूनही मी तिला सरांसमोर खोटं पाडलं होतं, आणि तेही नोकरीपायी. "बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं. मला क्षमा करा."

तिने वांग्यांवर पाणी मारता मारता वर पाहिलं. राग नव्हता. उलट माझीच समजूत घातल्यासारखं बोलली. "जाऊ द्या जी. मलेच समजलं नाही. थे तुमी नोहोतेच."

"कशावरून?"

"थो मानूस आपल्यातला होता."

मला म्हणायचं होतं, बाई, मी बी आपल्यातलाच. जिभेवर आलंही होतं. तोंडून निघालं, "बरं, येतो मी." सहा महिन्यांची सवय.

पुढे कर्णे गेले, मी अमरावतीला परतलो, केबल आली, टाय आला. हजारो बातम्या वाचल्या, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लोक येऊन माझ्या भाषेचं कौतुक करतात आणि मी कसंनुसं हसतो. त्या संध्याकाळी मालनने काय ऐकलं, कुणाकडून ऐकलं, माझ्याच आवाजात का ऐकलं, हे मी अजूनही विचारत असतो. मी नळाच्या पाण्याची सूचना वाचत होतो, एवढं एक मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. हल्ली त्याचीही खात्री वाटेनाशी झाली आहे... आणि खरं सांगू, ते मी बोललो असतो तर बरं झालं असतं, असं फार वाटतं.