आठ ते नऊचं आभाळ

२०२५ साल. मला त्र्याहत्तरावं चालू होतं. सकाळी गच्चीवर कबुतरं उडवत होतो अन् मशिदीच्या भोंग्यावरून नाव आलं... रशीद टेलर गेले, दुपारच्या नमाजनंतर मिट्टी. हातातला बांबू तसाच वर राहिला. आमच्या उस्मानपुऱ्यात गल्ली ओलांडली की त्याचं घर, समोरासमोर गच्च्या. पण त्या घरातून मला सांगायला कुणी आलं नाही. का यावं? नऊ वर्षं येणंजाणं बंद होतं. आज त्याला जाऊन चाळीस दिवस झाले, म्हणून लिहितो.

आम्ही चड्डीत होतो तेव्हापासून कबुतरं पाळली. पहिली जोडी दोघांत मिळून होती. पुढं मी गवंडी झालो, तो शिंपी. छावणीत त्याचं दुकान होतं. बाकीचे कबूतरवाले दुसऱ्याचं पाखरू हाती लागलं की परत देत नाहीत. आमच्यात तसं नव्हतं. चुकून इकडं उतरलेलं कबूतर दिवस मावळायच्या आत परत जायचं. कुणी मागायचं नाही, कुणी विचारायचं नाही. सरळ जिना चढायचा, ढाबळीची कडी काढायची, आपलं पाखरू छातीशी धरायचं, चहा प्यायचा अन् जायचं. त्या चुकार पाखरांमुळं आमची रोज गाठ पडायची.

पण मला सगळं माझ्या हुकमात लागायचं. घरात माझा पाट कुणी हलवलेला चालायचा नाही. एकदा तीन दिवस लागोपाठ त्याचा थवा माझ्या थव्यात घुसला, तर मी वेळा ठरवून टाकल्या. सात ते आठ माझी कबुतरं, आठ ते नऊ त्याची. विचारलं नाही, सांगितलं.

तो हसला. "क्या रे बाब्या, आसमान का सातबारा तेरे नाम पे है क्या?"

बाब्या म्हणणारा तो एकटाच उरला होता. हसला, पण वेळ पाळली. अन् हा ऐकतोय म्हटल्यावर मी लई चढलो. त्याच्या गच्चीवर साडेसातला दाण्याचं भांडं वाजलं तरी इकडून ओरडायचो.

मग एका सकाळी, माझ्या वेळेत, त्याची पांढरी मादी माझ्या गच्चीवर उतरली. मी तिला धरली, पंखांची पिसं कापली अन् ढाबळीत टाकली. मनात म्हटलं, आता त्यानं येऊन मागावं. तो आला, पण नेहमीसारखा आला. खाली पडलेली पिसं बघून थांबला.

"पर काटे तूने?"

"माझ्या गच्चीवर उतरली. माझी."

त्यानं कडीला हात घातला. मी बांबू मारला. असल्या वेळी लोक म्हणतात, रागाच्या भरात झालं. मी नेम धरून मारला, उजव्या मनगटावर.

दवाखान्यात त्यानं जिन्यावरून पडलो म्हणून सांगितलं. पोलिसात गेला नाही. मनगट नंतर वळलंच नाही, कात्री धरवेना, दुकान बंद झालं. कबुतरं त्यानं खुलताबादच्या पाहुण्याला देऊन टाकली. आठ ते नऊ आभाळ मोकळं पडलं, तेही मी घेतलं. आमची मंडळी म्हणाली, "मिळालं ना सगळं? आता एकटेच बघत बसा." पुढं तीही देवाघरी गेली.

पिसं आल्यावर पांढरी उडून त्याच्या गच्चीवर गेली. तिथली ढाबळ रिकामी बघून परत आली. मी मात्र कधी गेलो नाही. चूक माझी, हे त्याच दिवशी कळलं होतं. सतरा पायऱ्या उतरायच्या अन् गल्ली ओलांडायची... नाय जमलं. तो रोज आठ वाजता गच्चीवर खुर्ची टाकून बसायचा, माझी कबुतरं बघत.

जायच्या महिनाभर आधी किराणा दुकानापुढं समोर आला. "बाबूरावसाब, आपके कबूतर सुस्त दिखरे. दाने में मेथी मिलाओ." सगळी हयात अरेतुरे करणारा माणूस मला साहेब म्हणाला, आप म्हणाला. मी "व्हय" एवढंच बोललो.

मिट्टीला गेलो, मागं उभा राहिलो. त्याच्या मुलानं माझ्याकडं बघितलं अन् सरकून माती टाकायला जागा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता थवा सोडला. आठला शिट्टी मारून सगळी खाली घेतली, मेथी घातलेले दाणे टाकले, कडी लावली. पांढरी तेवढी बाहेर ठेवली. म्हातारी झालीय आता. तिनं आभाळात दोन चकरा मारल्या अन् समोरच्या गच्चीवर, त्याच्या खुर्चीच्या पाठीवर जाऊन बसली. नऊ वाजून गेले. मी शिट्टी मारली नाही.