स्टँडवर लावलेली सायकल

अपघाताचे क्लेम लढवणाऱ्या वकिलाच्या कपाटात फायली साचतात आणि डोक्यात किस्से. फायलींना निदान वाळवी तरी लागते! श्रावणभाऊच्या एका केसनंच मला एवढे किस्से दिले की बाररूममध्ये माझा चहा कायमचा फुकट झालाय.

*

कारध्याचा श्रावणभाऊ वैनगंगेत मासे धरतो. सायकलला टोपली बांधून भंडाऱ्याला विकायला निघाला आणि मागून पिकअपनं ठोकलं. पाय मोडला. पोलिसांनी पंचनामा केला : 'सायकल रस्त्याच्या उजव्या बाजूस झाडाखाली स्टँडवर उभी आढळली.'

झालं! विमा कंपनीचे वकील म्हणाले, हा राँग साइडनंच येत होता.

उलटतपासणीत त्यांनी आवाज चढवला, "मागून येणारी गाडी तुम्ही पाहिली नाही, ही तुमची चूक!"

श्रावणभाऊ शांतपणे म्हणाला, "साहेब, मांगं पाहून चालवली असती तं समोरच्याले मीच ठोकलं असतं!"

*

तरी तीन वर्षांनी निकाल लागला : अर्धी चूक पिकअपवाल्याची, अर्धी श्रावणभाऊची.

दुसऱ्याच दिवशी तो काठी टेकत ऑफिसात आला. त्याची बायको कौसल्याबाई अपघाताच्या दिवसापासून 'तुमीच आडवे गेले असान' म्हणत होती. आता तिच्या हाती कोर्टाचा कागद आला होता!

"साहेब, नागपूरले अपील करा. एवढी अर्धी चूक काढून द्या. घरी भाताचा घास गिळू देऊन नाही राहिली ते."

मी हसलो. तो हसला नाही.

*

चार वर्षांनी अपील हायकोर्टात सुनावणीला आलं. मी निवाड्यांचा गठ्ठाच नेला होता. न्यायमूर्तींनी तो उघडलाही नाही. पंचनामा वाचला आणि कंपनीच्या वकिलांना विचारलं, "धडकेनंतर सायकल स्वतःच स्टँडवर लागली का?"

तो पंचनामा मी शंभरदा वाचला होता आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं!

"आणि तुमचा ड्रायव्हर साक्षीला का नाही आला?" यावर वकील फाइल चाळू लागले. चूक पूर्णपणे पिकअपवाल्याची ठरली.

बाहेर पडताना कंपनीचे वकील म्हणाले, "अपिलात हा मुद्दा तुम्हीच घातला असणार, जबरदस्त होता!"

मी म्हणालो, "मेहनत लागते हो!"

*

नागपूरहून येताना, अपघात झाला त्या पुलाजवळ मोतीरामच्या टपरीवर थांबलो. इतकी वर्षं मी तिथंच चहा पीत होतो. सहज विचारलं, सायकल कोणी उचलली असेल रे?

"मीच! रस्त्यात पडली होती, कोणी अडखळलं असतं. सावलीत नेऊन लावली."

"अरे, पंचनाम्यावर पंच म्हणून सही तुझीच आहे! सांगितलं काहून नाही?"

"पोलिसायनं सायकल कुठं आहे ते इचारलं. कुठं होती ते इचारलंच नाही!"

कपाळाला हात लावून मी चहा संपवला.

*

निकाल वाचून दाखवायला श्रावणभाऊच्या घरी गेलो. तो खुर्चीत ताठ बसला. कौसल्याबाई दारात उभी.

"श्रावण यांची कोणतीही चूक नाही," मी मराठीत सांगितलं.

"अर्धी बी नाही?" कौसल्याबाईनं विचारलं.

"नाही."

"थोडीशी बी?"

"अजिबात नाही."

श्रावणभाऊ आता काहीतरी खास ऐकवणार म्हणून मी वाट पाहत होतो. तो बायकोकडे नुसता पाहत राहिला.

तिनं डोळ्याला पदर लावला.

"मंग साहेब, सात वर्षं मी याइले जे बोलली, त्याची अपील कुठं लागते?"